खाली सही करा

आमच्या वाळूजला मोहटादेवी चौकात दोन मोटारसायकली एकमेकींना नुसत्या घासून गेल्या, तरी दोन मिनिटांत दीडशे माणसे गोळा होतात. पहिली पाळी नुकतीच सुटलेली असली तर अडीचशे. या अडीचशेंपैकी प्रत्येकाने सगळे पाहिलेले असते. चूक कोणाची, हॉर्न कोणी दिला नाही, मागे बसलेल्या बाईंच्या पिशवीतून टमाटे सांडले की वांगी, इथवरचा तपशील प्रत्येकाच्या जिभेवर तयार असतो. एवढ्यात कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी वळते. हवालदार खाली उतरतात, खिशातले पेन काढतात आणि विचारतात, "कोणी पाहिलं?" पुढच्या क्षणी चौकात जे घडते त्याला शाळेतल्या शास्त्राच्या पुस्तकात बाष्पीभवन म्हणतात. मागे राहतो तो फक्त पानवाला, कारण त्याला टपरी उचलून पळता येत नाही. तो सांगतो, "साहेब, मी चुना लावत होतो, मान खाली होती माझी."

पोलिसांकडे असलेल्या शस्त्रांत पेनाइतके परिणामकारक शस्त्र मी दुसरे पाहिलेले नाही. लाठीने जमाव पांगायला वेळ लागतो, काही धीट माणसे तर उलटून बघतात. पेनापुढे मात्र भलेभले टिकत नाहीत.

मी बी.कॉम. झालेला मनुष्य आहे. तत्त्वज्ञान आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. तिथे जमा आणि नावे या दोनच गोष्टींत विश्व सामावलेले होते. पण बँकेच्या काउंटरमागे वीसेक वर्षे बसल्यावर माणूस आपोआप थोडासा तत्त्वचिंतक होतो. माझे तत्त्वज्ञान तीन शब्दांचे आहे आणि ते मी दिवसातून दोनशे वेळा सांगतो : "खाली सही करा." याच तीन शब्दांच्या आधाराने मला एका जुन्या नैतिक प्रश्नाकडे वळायचे आहे. आपण जे पाहिले ते सांगणे हे आपले कर्तव्य आहे की नुसती हौस? आणि सांगायचेच झाले, तर ते नाव घालून सांगावे की नाव गिळून?

कायद्यापुरता प्रश्न सुटलेला आहे. खून, दरोडा यांसारखे काही गंभीर गुन्हे घडल्याचे, किंवा घडणार असल्याचे, ज्याला ठाऊक असेल त्याने ताबडतोब पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला कळवले पाहिजे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३९ वे कलम सांगत होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि हेच बंधन आता तिच्या ३३ व्या कलमात आहे. सबळ कारण असेल तर न कळवल्याबद्दल सूट मिळते. मात्र कारण सबळ होते हे न कळवणाऱ्याने सिद्ध करायचे. आता सबळ कारणे ही तर आपली राष्ट्रीय संपत्ती! 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे पाळण्यातच शिकवतात. त्यामुळे या देशात शहाण्यांची संख्या फार वाढली.

आमच्या मराठवाड्याला तर यात इतिहासाचीही साथ आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. कारवाई सगळी लष्कराची. नाव मात्र पडले 'पोलीस अॅक्शन'. आमच्याकडची जुनी माणसे आपले वयसुद्धा त्याच हिशोबाने सांगत : "पोलीस अॅक्शनच्या वक्ताला मी रांगत होतो बघा." ज्या मुलखात रणगाड्यालाही पोलीस म्हणतात, तिथली माणसे साध्या शिपायाला वचकून असली तर नवल काय?

त्यातून वाळूजचा पिंडच निराळा. १९८५ साली इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग लहानमोठ्या कारखान्यांच्या शेडी उठल्या आणि बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरी इथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागल्या. (पंढरपूर म्हणजे आमचे छोटे पंढरपूर. आषाढीला तिथेही अलोट गर्दी होते.) जुन्या गावात पोलीस पाटलाला आणि रात्री गस्त घालणाऱ्या जागल्याला घराघरातल्या भांड्यांचीसुद्धा ओळख असे. इथे शेजाऱ्याचे आडनाव विचारले तर उत्तर मिळते, "ते? ते सेकंड शिफ्टवाले." एका जिन्यावर जाफराबाद, बुलढाणा आणि बिहार नांदतात. तिघांची पाळी वेगळी, त्यामुळे भांडणही होत नाही आणि ओळखही होत नाही. अशा वस्तीत चोराला फार मोठी सोय असते. तो तिथे शोभून दिसतो.

मग यंत्र आले. आले म्हणजे काय, आपल्याला आपल्या एकेका सबबीबद्दल लाज वाटावी म्हणूनच जणू आले.

खरे तर जगभर हे यंत्र लाजेतूनच जन्माला आले आहे. १९३५ च्या नोव्हेंबरात लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागून पाच स्त्रिया दगावल्या. शेजारचे एक गृहस्थ अग्निशामक दलाला फोन लावत होते, पण टेलिफोन एक्स्चेंजने त्यांना रांगेत ताटकळत ठेवले. त्यांनी संतापून 'टाइम्स'ला पत्र लिहिले, आपल्या नावानिशी लिहिले. बराच गदारोळ झाला, चौकशी बसली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा तातडीचा क्रमांक सुरू झाला. एका शेजाऱ्याच्या सहीतून तीन नवांची एवढी मोठी संस्था उभी राहिली. आपल्याकडच्या १०० नंबरची आणि आजच्या ११२ ची ती आजीच म्हणायची.

आपल्या सबबी मात्र एकेक करून गेल्या. पहिली सबब अंतराची : "ठाणं लांब आहे हो." महाराष्ट्रात २०२१ साली ११२ सुरू झाला. फोन कोठून आला हे शोधून जवळची गाडी पाठवायची, अशी त्याची रचना. दुसरी सबब हद्दीची. आमच्या या भागात वाळूज आणि एमआयडीसी वाळूज अशी दोन ठाणी आहेत. पण चोर काही हद्द मोजून चोरी करत नाही, आणि मार खाणाऱ्याला मार खाता खाता दोन पावले सरकून योग्य हद्दीत पडता येत नाही. नव्या संहितेने त्यावर उत्तर दिले : गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठिकाणी पाठवायची. तिसरी सबब, "आपलं कोण लिहून घेतंय?" दखलपात्र गुन्ह्याची खबर असेल तर ती नोंदवलीच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ साली दिलेला आहे. चौथी सबब कागदांची. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर देशातली ठाणी संगणकाने एकमेकांना जोडण्याची योजना २००९ साली मंजूर झाली आणि २०१५ साली महाराष्ट्रात ती कामाला लागली. आता घरबसल्या तक्रार पाठवता येते, खबरीची प्रत बघता येते, भाडेकरूची माहिती देता येते. हरवलेला मोबाइल त्याच्या पंधरा आकडी क्रमांकावरून बंद करण्याची सोय २०२३ च्या मे महिन्यापासून देशभर झाली आहे.

थोडक्यात, चार सबबी होत्या आणि चारही गेल्या. आणि तरीही चौकात पेन निघाले की बाष्पीभवन होतेच. याचा अर्थ सरळ आहे. अंतर, हद्द, कागद हे सगळे बहाणे होते. आपल्याला नको होते ते नाव द्यायला. पायपीट यंत्राने वाचवली, पण सही यंत्राला करता येत नाही.

कायद्यानेही हे ओळखलेले दिसते. नव्या संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे आता गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने, म्हणजे अंथरुणात पडल्या पडल्या पाठवता येते. पण पुढे एक अट आहे : ज्याने खबर दिली त्याने तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करायची, मग ती रीतसर नोंदीवर येते. मी हे वाचले तेव्हा मला एखादा जुना सहकारी भेटल्यासारखा आनंद झाला. कायदा करणाऱ्यांत नक्कीच कोणीतरी बँकवाला असणार. चेकवर अक्षर कितीही सुंदर असो, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत जुळत असो. खाली सही नसेल तर तो नुसता लांबट कागद.

उलट बाजूला बघा. आमच्या गल्लीचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. दिवसा त्यावर गुलाबाची फुले आणि मधुमेहावरचे उपाय येतात. रात्री साडेदहानंतर त्याचे रूपांतर गुप्तहेर खात्यात होते. "दोन इसम फिरत आहेत, सावध राहा." कोणी पाहिले, कुठे, केव्हा, काही नाही. पाच मिनिटांत दोनाचे चार होतात, अर्ध्या तासात त्यांच्याकडे हत्यारे येतात, अकरा वाजता त्यांचे छायाचित्रसुद्धा येते आणि त्या छायाचित्रात मागे नारळाची झाडे असतात. वाळूजला आणि नारळाची झाडे! एका रात्री हे इसम आमच्या मागच्या गल्लीत सापडले. ते रात्रपाळीला निघालेले दोन कामगार होते आणि त्यांची बस चुकली होती. ते हसले, आम्ही हसलो आणि त्यांना मोटारसायकलवरून गेटपर्यंत सोडून आलो.

पण सगळीकडे शेवट असा हसत होत नाही. २०१८ च्या जून महिन्यात आमच्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांडगावला, दरोडेखोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन माणसांना मारून टाकले. पुढच्याच महिन्यात, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे मुले पळवणारी समजून ठार केली गेली. पोट भरायला फिरणारी ती भिक्षेकरी माणसे, मंगळवेढ्याकडची. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आपण किती सहज वापरतो! त्या दिवशी ती अक्षरशः खरी झाली, आणि तिथे तर चोरही नव्हता.

त्या निरोपाखाली सही कोणाची होती? कोणाचीच नाही. प्रत्येकाने तो 'आला तसा पुढे' पाठवला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर सहीविना चेक लिहिला गेला, हातोहात फिरला आणि वटला. खाते मात्र भलत्याचेच रिकामे झाले. त्याच जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. उपाय बरा आहे. पण पाचजणांना पाठवलेल्या थापेखालीही सही नसतेच.

याउलट महाराष्ट्राच्या बऱ्याच ग्रामीण भागात 'ग्राम सुरक्षा यंत्रणा' नावाची एक साधी सोय आहे. संकटात सापडलेला माणूस ठरलेल्या क्रमांकावर फोन करून बोलतो आणि त्याचाच आवाज गावातल्या सगळ्यांच्या फोनवर ऐकू जातो. यात मला भावते ते हे, की तिथे निरोप देणाऱ्याचा गळा निरोपाला चिकटलेला राहतो. सकाळी चावडीवर लोक विचारू शकतात, "का रे बाबा, बिबट्या होता म्हणालास, कुठंय?" अनोळखी मजकुराला हे कोणी विचारू शकत नाही. आवाज ही देखील एक सहीच असते.

इथवर सगळे सोपे आहे आणि इथेच लेख संपवला तर मला नीतिमान समजून लोक सत्कारालाही बोलावतील. पण हा विचार मी आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत बोलून दाखवला, तेव्हा आमच्या एका सहकारी बाईंनी डब्याचे झाकण मोठा आवाज करून ठेवले.

"तुमचं काय जातंय हो सही करायला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही पुरुष माणूस, स्वतःचं घर, कायमची नोकरी. माझ्या मावसबहिणीच्या खोलीखालीच जुगाराचा अड्डा चालायचा. घरमालकाचाच भाऊ चालवायचा. तिनं सही केली असती तर दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर आलं असतं. तिनं काय करायचं? तुमचं ते तत्त्वज्ञान डोक्यावर घेऊन झोपायचं?"

मी मेथीची भाजी पुढे केली. त्यांनी घेतली नाही, यावरून मुद्द्याचे वजन लक्षात यावे.

तो मुद्दा खराच वजनदार आहे. सही करायला सांगणे हे सुखवस्तू माणसाला फार स्वस्त पडते. ज्याची खोली दुसऱ्याची, नोकरी ठेकेदाराची आणि गाव दोनशे किलोमीटर लांब, त्याच्या सहीची किंमत माझ्या सहीपेक्षा कितीतरी जास्त असते. मग त्याने निनावी चिठ्ठी टाकावी की नाही? मी दुपारभर नोटा मोजता मोजता याच विचारात होतो आणि उत्तर माझ्यासमोरच्याच रजिस्टरात निघाले.

बँकेत निनावी खाते नसते. नाव, पत्ता, फोटो, अंगठा, आधार, पॅन, सगळे आम्ही मागून घेतो. लोक वैतागतात इतके मागतो. पण त्या खात्यात किती रुपये आहेत हे तुमच्या शेजाऱ्याला काय, सख्ख्या मेव्हण्यालाही आम्ही सांगत नाही. याला निनावी म्हणत नाहीत, गोपनीय म्हणतात. दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. निनावीपणात नाव कोणालाच ठाऊक नसते, म्हणून जबाबदारीही कोणाची नसते. गोपनीयतेत नाव एकाला पक्के ठाऊक असते आणि ते इतरांपासून झाकणे हे त्या एकाचे कर्तव्य असते. बाईंच्या मावसबहिणीला हवी होती ती गोपनीयता. गल्लीच्या ग्रुपला हवा असतो निनावीपणा. तिला मार चुकवायचा होता. ग्रुपला जबाबदारी चुकवायची असते. अर्थात, नाव झाकले जाईल असा भरवसाच जिला कोणी दिलेला नाही, तिने नुसती चिठ्ठी टाकली तर तिला बोल लावायला माझी जीभ धजणार नाही. बोल लावायचाच तर तो भरवसा न देणाऱ्यांना लावावा. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या डिसेंबरात देशभर लागू केली, ती याच जाणिवेतून. म्हणून सहकार्याचा सगळा व्यवहार एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : ज्याच्यापाशी नाव ठेवायचे, तो ते जपेल का? ठेव ठेवणाऱ्याला बँकेचा भरवसा वाटत नसेल, तर तो पैसे गादीखालीच ठेवणार. माहितीचेही तसेच आहे. आपल्याकडे गाद्यांखाली फार माहिती पडून आहे.

आणि भरवशाची जागा भीतीने घेतली की काय होते, त्याचेही उदाहरण आमच्या गल्लीत आहे. इथे एक निवृत्त मास्तर राहतात. आयुष्यभर त्यांनी तीन पिढ्यांना कोंबडा करून उभे केले. एके दिवशी त्यांच्या फोनवर खाकी वेशातला एक मनुष्य अवतरला आणि म्हणाला, "तुमच्या नावाने पार्सल सापडलंय. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही." मास्तर चार तास हलले नाहीत. खऱ्या हवालदाराने भाडेकरूची माहिती विचारली तेव्हा दार अर्धेच उघडणारा हा माणूस खोट्या फौजदारापुढे परवानगी मागून पाणी प्यायला. सुदैवाने दूधवाला आला, मास्तरांनी त्याला कुजबुजत "मी अटकेत आहे" म्हणून सांगितले आणि त्याने फोनच बंद करून टाकला. अशी अटक कायद्यात मुळात नाहीच, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये देशाला सांगितलेले आहे. पण मास्तरांना मी दोष देत नाही. खऱ्या पोलिसाची भीती हेच खोट्या पोलिसाचे भांडवल असते. ज्या गावात ठाण्यात जाऊन चहा घेण्याइतपत ओळख आहे, तिथे हा धंदा पहिल्याच दिवशी बुडेल.

मागच्या वर्षी एक तिशीतला कामगार माझ्या काउंटरवर आला. जाफराबादकडचा, ठेकेदाराकडे कामाला. खात्यातले अठरा हजार रुपये एका फोनवर गेले होते. बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले. त्याला तक्रार करायची नव्हती, फक्त पासबुक भरून हवे होते.

"१९३० ला फोन केला का?" मी विचारले.

"नाही साहेब. पैसे गेले ते गेले. आता ठाण्यात गेलो तर रोज बी जाईल. आन् ते मलाच इचारतील, नंबर तूच सांगितला ना म्हणून."

"विचारू देत. चोर तुम्ही नाही."

हे वाक्य त्याला बहुधा पहिल्यांदाच कोणी ऐकवले असावे. तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग आम्ही त्याच्याच फोनवरून १९३० लावला. सायबर फसवणुकीचा हा क्रमांक आहे आणि त्याची सगळी ताकद वेगात आहे : तक्रार गेली की पैसे ज्या ज्या खात्यांतून पळत असतात तिथल्या बँकांना निरोप जातो आणि जिथे रक्कम सापडेल तिथे ती अडकवून ठेवतात. चोर तासांत पळतो, आपण दिवसांत पोहोचतो. त्या दोहोंमधल्या फटीतून पैसा जातो. त्याच्या अठरा हजारांतले अकरा हजार एका खात्यात अडकलेले सापडले. त्यानंतर तो ठाण्यात गेला, खबरीवर सही केली. मला येऊन सांगितले, "साहेब, खुर्ची दिली बसायला." अकरा हजार परत यायला काही महिने लागले, पण त्या आधी कितीतरी दिवस तो खुर्चीचीच गोष्ट ज्याला त्याला सांगत होता. त्याच्या खोलीवरच्या आणखी दोघांनी मग आपल्या हरवलेल्या मोबाइलची तक्रार केली. खुर्चीवर व्याज मिळते ते असे.

कारण पासबुक हे दोन्ही बाजूंनी भरायचे असते. गिऱ्हाईक पैसे भरताना सही करतो, तेव्हा आम्ही शिक्का मारून पावती देतो. पावती न देणाऱ्या बँकेत दुसऱ्यांदा कोण भरणा करील? ठाण्यालाही कायद्याने पावती सांगितलेली आहे. खबरीची प्रत खबर देणाऱ्याला फुकट द्यायची. नाजूक प्रकरणे वगळता ती शक्यतो चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायचे, आणि ते फोनवरच्या निरोपानेही चालेल, हे नव्या संहितेत आहे. यंत्राचा खरा उपयोग मला इथे दिसतो. कोणत्या तक्रारीचे काय झाले हे यंत्र विसरत नाही, आणि 'साहेब बंदोबस्तात आहेत' असे यंत्र सांगत नाही. नागरिकाने वर सही करायची आणि खात्याने खाली. एकाच सहीचा करारनामा आम्ही बँकेत कपाटात ठेवत नाही, परत पाठवतो.

हे सगळे मी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एका रविवारी मांडले. लेख लांब असल्याने तो कोणी वाचला नाही, हे मला आलेल्या अठ्ठावीस अंगठ्यांवरून कळले. म्हणून मी दोन ओळींचा नियम सुचवला : संशयाचा निरोप टाकणाऱ्याने आपले नाव, आपण स्वतः काय पाहिले, कुठे आणि किती वाजता, एवढे लिहायचे, आणि आधी ११२ ला कळवून मगच ग्रुपवर टाकायचे. मास्तरांनी अनुमोदन दिले, त्यामुळे ठराव एकमताने पास झाला. तीन पिढ्या अजून कोंबडा विसरलेल्या नाहीत.

परिणाम विलक्षण झाला. पूर्वी रात्रीतून साठ निरोप येत. पहिल्या आठवड्यात एकूण दोन आले. हत्यारबंद इसम गावातून एकाएकी नाहीसे झाले. आलेल्या दोनांपैकी एक निरोप एका ताईंचा होता, नाव, जागा, वेळ सगळे नीट लिहिलेला : कोपऱ्यावरच्या बंद दुकानाचे शटर रात्री सव्वादोनला कोणीतरी उचकटत आहे, मी खिडकीतून पाहते आहे, ११२ ला कळवले आहे. गाडी आली, दोघे सापडले. जबाबासाठी ताईंना ठाण्यात जावे लागले, तेव्हा गल्लीतल्या सातजणी त्यांच्याबरोबर गेल्या. एकटीचे नाव कागदावर आले, पण जबाबाला आठ जणी हजर होत्या. मला वाटते, सही करायला लागणारे धैर्य माणसाच्या अंगात फारसे नसतेच. ते असे बरोबर येणाऱ्यांकडून उसने घ्यावे लागते.

दुसरा निरोप एका शेळीबद्दल होता. ती अजून सापडलेली नाही. मात्र तिच्या वर्णनाखाली मालकाने तारखेसकट सही केलेली आहे.